शनिवारचं लोखंड

आमच्या मालकांच्या घरात सून आली की तिच्यामागोमाग एक कंपनी यायची. हुंड्यात नव्हे. लग्न लागलं की सासरे, म्हणजे आता फोटोत गेलेले सेठजी, सुनेचं तोंड बघायचे आणि तिच्या नावानं एक फर्म काढायचे. इतर घरांत पाटल्या देतात, इथे भट्टी द्यायचे. थोरल्या सुनेच्या नावानं बिलेटची, म्हणजे ज्यांच्या सळया होतात त्या लोखंडी ठोकळ्यांची भट्टी, धाकटीच्या नावानं सळयांची रोलिंग मिल, चुलत सुनांच्या नावानं कोळसा, गोदाम, ट्रकांचा ताफा. एका सुनेच्या नावानं तर अशी कंपनी होती की तिचा धंदा काय, हे आम्हा अकाउंट्सवाल्यांनाही कधी कळलं नाही. ती दर वर्षी फायद्यात असायची.

या सगळ्या सुनांचे हिशेब एका ठिकाणी आणून अख्ख्या घराचा एकच हिशेब मांडायचा, याला आमच्या धंद्यात कन्सॉलिडेशन म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. थोरलीनं धाकटीला बिलेट विकले तर घराच्या पदरात काही पडलेलं नसतं, डाव्या खिशातलं उजव्या खिशात गेलेलं असतं. तेवढं दोन्हीकडून जुळवून वजा करायचं, उरेल ते खरं. मी हे काम रायपूरबाहेर उरला नावाची कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या प्लांटमध्ये बसून एक्सेलवर करायचे. आमच्या प्लांटला मी एकटीच बाई अकाउंटंट होते आणि बाथरूमची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

उरल्याची धूळ ज्यानं खाल्ली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. भट्ट्यांची काळी भुकटी कीबोर्डात जाते, डब्यातल्या पोळीवर बसते, नाक शिंकरलं की रुमालावर येते. ब्राह्मणपारा या जुन्या मराठी मोहल्ल्यात आमच्या घरी पोचले की आई मला आधी अंगणात उभी करायची, ओढणी काढून घ्यायची आणि बादलीत बुडवायची. मग पाण्याकडे बघून म्हणायची, "रेल्वेत तुह्या बापानं कोळशाच्या इंजिनावर नोकरी केली, तरी एवढा काळा होऊन नाई आला कधी."

तर राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि दहा जणांना भेटायचं तर काचेचं ऑफिस पाहिजे असं मालकांना वाटू लागलं. शहरात तेलीबांध्याला तलावासमोर ते झालं. पाठोपाठ दिल्लीहून एक मोठे साहेब आले, सीए, सगळ्या कंपन्यांच्या हिशेबांचे प्रमुख. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं एक्सेल बघितलं आणि झुरळ दिसल्यासारखा चेहरा केला. म्हणाले, "इतना बड़ा ग्रुप, और कन्सॉलिडेशन ऐसे?" मग त्यांनी मालकांना पटवलं की असा ग्रुप एक्सेलवर चालवणं म्हणजे बैलगाडी हायवेवर आणणं, सॉफ्टवेअर हवं, आणि दर आठवड्याचा रिपोर्ट हवा. मालक म्हणजे थोरले चिरंजीव, ज्यांना सगळे बड़े भैया म्हणायचे. त्यांना आठवड्याच्या रिपोर्टची कल्पना फारच आवडली. रविवारी सकाळी पोहे-जिलबीबरोबर तो वाचायला मिळावा, एवढीच त्यांची अट होती. म्हणून ठरलं की दर शनिवारी संध्याकाळी हिशेब बंद.

हे ऐकलं तेव्हाच मी कॅलेंडर काढून वर्षाचे शनिवार मोजले होते. काहून, ते पुढे सांगते.

सॉफ्टवेअर निवडायला साहेबांना प्लांटची खबर असलेलं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मला तेलीबांध्याला बोलावून घेतलं. अटही स्वच्छ सांगितली. दिवाळीपर्यंत सॉफ्टवेअर पक्कं झालं तर नवं खातं इथे निघेल, त्याची मॅनेजर मी, आणि खिडकीजवळची ती जागा माझी. नाही झालं तर परत उरला. साहेबांना ही अट साधी वाटत असेल. मला ती खिडकी बघून पहिल्या दिवशी रडू आलं होतं.

एसी होता. पाण्यावर सकाळचं ऊन पडलेलं दिसायचं. बाथरूमला किल्ली नव्हती, कुणीही जावं! मी पहिल्या पगारात तीन पांढऱ्याशुभ्र ओढण्या घेतल्या, चिकनकारीच्या. पहिली घालून गेले त्या संध्याकाळी आईनं अंगणात थांबवून ओढणी उलटीपालटी करून बघितली. "काहून वं, आफिसले गेलती का देवळात?" मी म्हटलं, आई, आता असंच. दुसऱ्या दिवशी पाऱ्यातल्या दोन बायकांना तिनं निष्कारण घरी बोलावलं, आणि दोरीवर ओढणी वाळत होती.

मग सॉफ्टवेअरवाले येऊ लागले. दिल्लीचे आले, बंगलोरचे आले, मुंबईचे आले. सगळे एकाच शाळेत शिकले असावेत. तोच निळा शर्ट, तीच पहिली स्लाइड, तिच्यात हसणारी गोरी माणसं. मग त्यांची ती नमुन्याची कंपनी पडद्यावर यायची. तिच्या शाखा टोकियोपासून लंडनपर्यंत, आणि सगळ्यांचे हिशेब पैशाला पैसा जुळलेले. त्या कंपनीत भावाभावांत भांडण नाही, बहू नाही, अमावस्या नाही. बघून जीव जळायचा. मी एकदा विचारलं की आमच्याकडे ट्रक रस्त्यात पंक्चर होऊन दोन दिवस उभा राहतो, त्याचं काय? बंगलोरचा मुलगा म्हणाला, "मॅम, दॅट इज अ प्रोसेस इश्यू." त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हीच एक गोळी होती.

पुण्याचा मात्र वेगळा निघाला. गोरा, घारा, चुरूचुरू बोलणारा. माझं आडनाव बघून त्याला हर्ष झाला. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला, "आपलं माणूस भेटलं! आता काळजी नाही." मी म्हटलं, "पाहू ना, अजून बाकीच्यायचं पाहून राहिलो आम्ही." तो मान तिरकी करून हसला आणि म्हणाला, "तुमचं मराठी किती गोड आहे हो." पुण्याचा माणूस आपल्या मराठीला गोड म्हणाला की समजावं, त्याला त्यात दहा चुका सापडल्या आहेत. मी म्हटलं, "तुमचंबी चांगलं हाय. समजते बरोबर." त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून राहिला.

पण त्याचं सॉफ्टवेअर चांगलं होतं हे कबूल केलं पाहिजे. स्वस्त होतं, आणि इंटरनेट असेल तिथून चालायचं. प्रत्येक सॉफ्टवेअरला गुण द्यायचा तक्ता साहेबांनी मला बनवायला सांगितला होता, त्यात "कुठूनही चालतं का" हा रकाना मी माझ्या डोक्यानं घातला. मनात होतं की पावसाळ्यात तेलीबांध्याला पोचता नाही आलं तर घरून काम करता येईल. या रकान्यात पुण्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड पॉइंट."

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की नमुन्याच्या कंपन्या पुरे, आपला खरा आठवडा प्रत्येकाला द्या, आणि थोरलीची भट्टी आणि धाकटीची मिल यांचे आपसातले व्यवहार जुळवून दाखवा म्हणावं. मधे हातानं एकही नोंद घालायची नाही. सगळ्यांनी आठवडा नेला. सगळ्यांचा फरक निघाला, आणि सगळ्यांचा अगदी सारखा. भट्टी म्हणत होती, मी माल विकला. मिल म्हणत होती, मी घेतलाच नाही. माल ना हिच्या गोदामात, ना तिच्या. दिल्लीवाले चोरी म्हणाले, मुंबईवाले टायपिंगची चूक म्हणाले, आणि बंगलोरची गोळी तुम्हाला माहीतच आहे.

मला ते बघायचीही गरज नव्हती. अहो, शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत! कुणाच्याही आजीला विचारा. शनीची वस्तू, शनिवारी घरात आणायची नाही. आता ज्यांचा धंदाच लोखंडाचा, त्यांनी काय करावं? सेठजींच्या पत्नीनं, ज्यांना आम्ही माताजी म्हणायचो, फार पूर्वी तोडगा काढला होता. शनिवारी विकायला हरकत नाही, घ्यायचं मात्र नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे झकास चालायचं, त्याचा शनी तो बघून घेईल. पण थोरलीची भट्टी शनिवारी धाकटीच्या मिलला बिलेट विकायची तेव्हा पंचाईत. भट्टी बिल फाडून ट्रक बाहेर काढायची आणि मिल फाटक लावून घ्यायची. दोन फाटकांमधे एक रस्ता. त्या रस्त्यावर ट्रकांची रांग शनिवारभर उभी, ड्रायव्हर सावलीत पत्ते कुटत बसलेले. रविवार उजाडला की फाटक उघडायचं, मिल माल घ्यायची, त्या तारखेला नोंद करायची. शनिवारी संध्याकाळी ते लोखंड कुणाचंच नसायचं. महिनाअखेर शनिवारी आली तर मी एक्सेलमध्ये "रस्त्यावरचा माल" अशी ओळ टाकून मोकळी व्हायचे. आता दर शनिवारी हिशेब बंद करायचा म्हटल्यावर ही ब्याद दर आठवड्याला येणार होती.

मी साहेबांना हे सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये. मी म्हटलं, शुक्रवारी बंद करू हिशेब. ते म्हणाले, मग शनिवारचा धंदा कुठे गेला हे भैयांना रविवारी पोह्यांवर तुम्ही समजावून सांगा. ते शक्य नव्हतं. मग दिल्लीच्या माणसाला सुचेल तेच त्यांना सुचलं. त्यांनी मिलला फोन लावला आणि हुकूम सोडला, येत्या शनिवारी फाटक उघडा आणि माल आत घ्या.

घेतला. आणि रविवारी मिलचा गिअरबॉक्स तुटला.

तशी ती मिल दर पंधरा दिवसांनी बंद पडायचीच. पण आजवर तिला कारण नव्हतं, आता मिळालं. सोमवारी अख्ख्या उरल्यात साहेबांचं नाव झालं होतं. मंगळवारी बड़े भैयांनी सांगितलं की सॉफ्टवेअरचा शेवटचा डेमो बघायला माताजी स्वतः येणार. साहेबांचा चेहरा उतरला. मला मागून म्हणाले, "अब तो गया समझो प्रोजेक्ट." त्यांचं काय, त्यांना दिल्ली होती. मला उरला दिसत होता. त्या रात्री मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच विचारलं, "खिडकी जाते का मंग?"

माताजी आल्या त्या काचेच्या ऑफिसात पहिल्यांदाच. पांढरी साडी, हातात जपाची पिशवी. दाराशी आल्या तर पडद्यावर भला मोठा गणपती! पुणेकराला कुणीतरी पढवलं असणार, त्यानं पहिल्या स्लाइडवर गोऱ्या माणसांऐवजी बाप्पा बसवले होते. माताजींनी लगेच चपला काढल्या. त्यांनी काढल्या म्हणून भैयांनी बूट काढले, मग आम्हा सगळ्यांना काढावेच लागले. साहेबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं हे त्या दिवशी जाहीर झालं.

माताजींनी जिलबीचा घाणा बघावा तसा सगळा डेमो शांतपणे बघितला. सगळ्या सुनांच्या कंपन्यांची उतरंड पडद्यावर आली तेव्हा प्रत्येक चौकोन नीट वाचून घेतला. मग पहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"इसमें शनिच्चर है क्या?"

साहेब म्हणाले, "माताजी, ये इंटरनैशनल सॉफ्टवेयर है, इसमें दिन-वार का..."

"शनि महाराज भी इंटरनैशनल हैं, बेटा," माताजी म्हणाल्या.

खोलीत कुणाला हसायची छाती झाली नाही. पुणेकर माझ्याकडे बघू लागला, साहेब आपल्या अंगठ्याकडे. माझ्या मनात मात्र तलाव होता, खिडकी होती, दोरीवरची ओढणी होती. मला वाटलं, जायचंच आहे तर बोलून जाऊ. मी उभी राहिले.

"माताजी, एक कंपनी और बना देते हैं।"

"किस बहू की?"

"बहू की नहीं। सिर्फ कंप्यूटर में, कागज पर कुछ नहीं। शनिवार को भट्ठी से जो माल निकलेगा, वो छोटी बहू नहीं लेंगी। वो इस कंपनी के नाम चढ़ेगा। रविवार को फाटक खुला कि इससे उतर के मिल के नाम। बहू ने शनिवार को लोहा लिया ही नहीं।"

"फिर लिया किसने?"

"शनि महाराज ने। उनका तो दिन ही है।"

हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. मालकांच्या आईसमोर मी देवाला कंपनीत भागीदार करून बसले होते. माताजींची माळ पिशवीत थांबली. मग त्यांनी बोटानं पडद्याकडे दाखवलं. "बनाओ।"

पुणेकराची बोटं आधीच कीबोर्डवर होती. क्षणात नवा चौकोन उमटला, धाकट्या सुनेच्या शेजारी. माताजी म्हणाल्या, "बगल में नहीं। ऊपर रखो।" मग शनि महाराजांना सगळ्या सुनांच्या वर नेलं. साहेबांना पटत नव्हतं, सगळ्यांची मालक असते त्या होल्डिंग कंपनीच्याही वर कुणी नसतं म्हणे. पण भोकाचे मोजे घातलेल्या माणसाचं कोण ऐकतो. आठवडा पुन्हा चालवला. शनिवारी संध्याकाळचा फरक शून्य!

भैयांनी टाळ्या वाजवल्या. पुणेकरानं तर माझा हातच हातात घेतला, मग घाबरून सोडला. सॉफ्टवेअर ठरलं, तेही दिवाळीच्या आधी. पेढे मागवले. पेढा तोंडात असतानाच पुणेकर म्हणाला, "फक्त एक राहिलं. प्रत्येक कंपनीला एक जबाबदार व्यक्ती लागते, हा रकाना रिकामा सोडता येत नाही. या कंपनीला कुणाचं नाव टाकू?" भैया म्हणाले, "बिटिया का डालो, दिमाग उसी का है।" पडद्यावर शनीच्या चौकोनाखाली माझं नाव आलं. मला इतका अभिमान वाटला की मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला.

दिवाळीनंतर साहेबांनी बोलावलं. मॅनेजर केल्याचं सांगितलं, पगार वाढल्याचं सांगितलं. मी खिडकीकडे बघत होते. मग ते म्हणाले की ऑडिटरचं एक म्हणणं आहे. शनि महाराजांच्या नावानं माल चढतो तेव्हा तो रस्त्यावर खरोखर उभा आहे हे जबाबदार व्यक्तीनं डोळ्यांनी बघून लिहायला हवं. बाकीच्या कंपन्यांना गोदाम आहे, कारकून आहेत. या कंपनीचा तर सगळाच कारभार दोन फाटकांच्या मधे. "तो आपका बैठना उरला में ही ठीक रहेगा।"

मी म्हटलं, "सर, आणि नवं खातं? ते तर इथे..."

"सॉफ्टवेयर तो कहीं से भी चलता है ना," साहेब म्हणाले, अगदी प्रेमानं. "आप ही ने फुल मार्क्स दिए थे।"

 आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही बिलेटचा. साहेबांचा राग आला, पुणेकराचा आला, सगळ्यात जास्त त्या तक्त्यातल्या रकान्याचा आला. खाली येऊन स्कूटी काढली आणि तलावाला एक पूर्ण चक्कर मारली. रडायचं होतं, पण शनि महाराजांची मॅनेजर म्हणून हसू यायला लागलं. हेल्मेटमधे दोन्ही करता येतं.

उरल्यात माझी जुनी खुर्ची तशीच होती, तिच्यावर बोटभर धूळ. बाथरूमची किल्ली पुन्हा पर्समध्ये आली. शनिवारी दुपारी मी दोन फाटकांच्या मधल्या रस्त्यावर गेले, ट्रक मोजले, लॅपटॉप ट्रकच्या बॉनेटवर ठेवून नोंद केली. एका ड्रायव्हरनं पत्ते खाली ठेवून विचारलं, "दीदी, ये माल अब किसका है?" मी सांगितलं. त्यानं ट्रकला हात जोडले आणि पुन्हा पत्ते उचलले.

संध्याकाळी घरी पोचले. आईनं अंगणातच थांबवलं. ओढणी काढून घेतली आणि बादलीत बुडवली. पाणी काळं झालं. मग तिनं आत जाऊन तिन्ही पांढऱ्या ओढण्या काढल्या, घड्या घातल्या, मधे डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पेटीत ठेवू लागली.

मी म्हटलं, "काहून ठेवून राहिली? देऊन टाक कोणाले. आता कुठी घालतो मी त्या."

"राहू दे वं," आई पेटीचं झाकण लावत म्हणाली. "कोन्तं सॉफ्टवेअर जनमभर टिकते?"